ती गाठ आहे की थायरॉइडच?

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं तिची उंची जवळजवळ वाढलेलीच नाही. आधी वर्गात उंच मुलींमध्ये उभी राहायची, आता सगळ्यात पुढे असते. कायम दमलेली, थंडी फार वाजते, पोट साफ होत नाही. आम्हाला वाटलं, वयच तसं आहे. सहा महिन्यांपासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं म्हणते, आवाजही जड झालाय. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर जिभेच्या अगदी मुळाशी लालसर, गुळगुळीत गाठ दिसली. काढून टाकू म्हणाले, तारीखही दिली आहे. भूल देण्याआधी रक्त तपासलं त्यात टीएसएच ४६, म्हणजे फारच जास्त आलं, आणि फ्री टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन कमी. मग गळ्याची सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलंय, थायरॉइड ग्रंथी नेहमीच्या जागी दिसत नाही. ग्रंथीच नाही म्हणजे काय? जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासलं होतं, ते नॉर्मल होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. घरचे म्हणतात, काढून टाका, भाच्याच्या गळ्यातली गाठ काढली तर तो ठणठणीत आहे. हा कॅन्सर तर नसेल? तिच्या बुद्धीवर परिणाम झाला असेल का? गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल? पुढे तिला मूल होईल? धाकटा आठ वर्षांचा आहे, त्यालाही तपासायचं का? आणि दोन वर्षं मला कळलं कसं नाही, हा प्रश्न तर झोपू देत नाही.

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थबकले : 'तारीखही दिली आहे.' बाकीच्या प्रश्नांकडे सावकाश येऊ, आधी त्या तारखेचं बघू. ती पुढे ढकला. कायमची रद्द करा असं मी म्हणत नाही, तो निर्णय तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. पण जिभेमागची ती गाठ म्हणजे तुमच्या मुलीची थायरॉइडच तर नाही ना, आणि असलीच तर तिच्याकडे तेवढी एकच आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर आल्याशिवाय तिला सुरी लागू देऊ नका. तुकडा काढून तपासण्याचीही घाई नको. त्या भागात रक्तपुरवठा भरपूर असतो आणि एवढ्याशा तुकड्यापायीही बराच रक्तस्राव होऊ शकतो.

याला एकच अपवाद. तिला श्वास घेताना त्रास होत असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल, घास उतरत नसेल किंवा तोंडातून रक्त येत असेल, तर माझं उत्तर वाचत बसू नका, तिला लगेच रुग्णालयात न्या. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, म्हणून मी एवढ्या निवांतपणे लिहिते आहे.

पत्रावरून निदान करू नये, हे मला ठाऊक आहे. तरी जिभेच्या मुळाशी लालसर गाठ, गळ्यातली जागा रिकामी आणि टीएसएच ४६, ही तीन टोकं एकत्र आणली की उभं राहणारं चित्र पुरेसं स्पष्ट असतं. डॉक्टरांच्या भाषेत याला 'लिंग्वल थायरॉइड' म्हणतात. म्हणजे जिभेवर राहिलेली थायरॉइड.

ती तिथे कशी राहिली, हे कळलं की तुमची निम्मी भीती जाईल. थायरॉइड मुळात गळ्यात तयार होतच नाही. गर्भ जेमतेम साडेतीन-चार आठवड्यांचा असताना जिभेच्या मुळाशी पेशींचा एक छोटासा फुगवटा येतो, तीच थायरॉइडची सुरुवात. तिथून ती खाली सरकत जाते आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास श्वासनलिकेच्या पुढे, आपल्या कायमच्या जागी पोचते. ज्या वाटेने ती उतरली ती वाट मग बुजून जाते. मागे उरतो तो जिभेच्या पार मागच्या बाजूला एक बारीक खळगा. तो तुमच्या जिभेवर आहे, माझ्याही आहे. काही बाळांमध्ये ग्रंथी या प्रवासाला निघतच नाही, काहींमध्ये अर्ध्या वाटेत थांबते. जागा चुकलेल्या थायरॉइडमध्ये जवळजवळ ९० टक्के वेळा ती जिभेच्या मुळाशीच सापडते. मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त दिसतं. गरोदरपणात तुम्ही काही खाल्लं, काही टाळलं, काही चुकलं, म्हणून हे झालेलं नाही. मुळात ही घडामोड सुरू होते तेव्हा बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेल्याचीही नीट खात्री झालेली नसते.

म्हणजे सोनोग्राफीतली 'रिकामी जागा' खरी आहे, पण त्यावरून तिला ग्रंथीच नाही असं ठरत नाही. ती दुसरीकडे आहे. आणि इथेच शस्त्रक्रियेचा प्रश्न अवघड होतो. जिभेवर थायरॉइड असलेल्या दहा जणांपैकी साधारण सात जणांकडे दुसरीकडे कुठेही थायरॉइड नसते. ती गाठ काढली की उरतं शून्य.

सगळी थायरॉइड काढली तर काय होतं, हे वैद्यकशास्त्र फार महागात शिकलं आहे. थिओडोर कोखर हे स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे शल्यचिकित्सक. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हात धरणारं त्या काळी कुणी नव्हतं. ग्रंथी पूर्ण काढून टाकलेल्या रुग्णांना त्यांनी काही वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं, तर माणसं सुजलेली, मंदावलेली, आणि वाढीच्या वयातल्या मुलांची वाढ थांबलेली. त्यांनी १८८३ मध्ये हे स्वतःहून जाहीर मांडलं आणि साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढणं सोडून दिलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते थायरॉइडवरच्या कामासाठी, पण मला ते आवडतात ते स्वतःच्या रुग्णांना परत बोलावल्याबद्दल. आज आपल्याकडे गोळी आहे, त्यामुळे तसे हाल होणार नाहीत. तरी स्वतःची थोडीफार चालणारी ग्रंथी विनाकारण घालवायची कशाला?

भाच्याचं उदाहरण तुमच्या घरी वारंवार दिलं जात असणार, म्हणून तेही सोडवून टाकू. मी त्याचे कागद पाहिलेले नाहीत, पण मुलांच्या गळ्यात, अगदी मधोमध, कंठमण्याच्या जरा वर येणारी आणि जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ बहुतेक वेळा 'थायरोग्लॉसल सिस्ट' असते. ग्रंथी ज्या वाटेने उतरली ती वाट पूर्ण बुजली नाही की तिथे पाणी साचून ही पिशवी होते. ती काढणंच योग्य, कारण तिच्यात वारंवार जंतुसंसर्ग होतो. काढतानाही नुसती पिशवी काढून भागत नाही. सिस्ट्रंक नावाच्या सर्जननी १९२० मध्ये सांगितल्याप्रमाणे जिभेखालच्या हायॉइड हाडाचा मधला तुकडा आणि त्यामागची वाटही काढावी लागते, नाहीतर गाठ पुन्हा येते. पण त्या मुलांची थायरॉइड सहसा आपल्या जागी शाबूत असते. तुमच्या मुलीची जागा रिकामी आहे. एकाच वाटेवरचे हे दोन बिघाड, पण उपचार अगदी उलटे. म्हणून मी म्हणते, गळ्याच्या मध्यरेषेवरची कुठलीही गाठ असो, ती काढण्याआधी सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर दिसलीच पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी ती करून घेतली, याचं श्रेय त्यांना द्या. फक्त तिचा रिपोर्ट हातात घेऊन त्यांच्यासमोर पुन्हा बसा आणि विचारा, 'ही काढली तर हिच्याकडे काय उरेल?' लहान मुलांच्या हार्मोन्सचे तज्ज्ञ जवळपास असतील तर त्यांनाही या बैठकीत घ्या.

आता पुढची तपासणी. थायरॉइडचा स्कॅन. हातातल्या शिरेतून टेक्निशियम नावाच्या किरणोत्सारी पदार्थाची अगदी थोडी मात्रा देतात. थायरॉइडच्या पेशी आयोडीन समजून तो ओढून घेतात आणि कॅमेऱ्यात जिथे ठिपका उजळतो तिथे ग्रंथी आहे, एवढा साधा हिशेब. दर सहा तासांनी त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो, मात्राही लहान असते, तेव्हा त्याला घाबरण्याचं कारण नाही. जिभेपाशी एकच ठिपका आणि गळ्यात अंधार, असं दिसलं तर निदान पक्कं. शक्यतो हा स्कॅन गोळी सुरू करण्याआधी करा. आत्ता टीएसएच चढलेलं आहे, त्यामुळे ग्रंथी पदार्थ जोरात ओढेल. गोळीने टीएसएच उतरलं की तीच ग्रंथी स्कॅनमध्ये फिकी दिसू शकते. आणि तोवर कुणी आयोडीनचं रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायला सांगितलं तर आधी विचारा. त्या आयोडीनमुळे पुढचे कित्येक आठवडे थायरॉइडचा स्कॅन बिघडतो. स्कॅनपायी गोळी दोन-चार दिवस उशिरा सुरू झाली तर १३ वर्षांच्या मुलीचं काही बिघडत नाही. तान्ह्या बाळाबद्दल मात्र हे वाक्य मी कधीही लिहिणार नाही.

आणखी एक बारकं पण उपयोगाचं. अशा मुलींचे केस गळतात आणि मग कुणीतरी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू करून देतं. प्रयोगशाळांच्या बऱ्याच यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं. चालू असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा.

स्कॅनमध्ये माझा अंदाज खरा ठरला तर उपचाराची सुरुवात गोळीनेच होते, आणि बऱ्याच जणांना त्यापुढे दुसरं काही लागतही नाही. कारण असं की टीएसएच हा मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला दिलेला हुकूम आहे. हार्मोन कमी पडलं की हुकूम वाढतो. तुमच्या मुलीच्या जिभेवरची छोटी ग्रंथी लहानपणी कसंबसं पुरवत होती. वाढीच्या वयात शरीराची मागणी वाढली, ती पुरी पडेना, हुकूम चढत चढत ४६ वर गेला, आणि त्या सततच्या रेट्याने ग्रंथी फुगत गेली. ती घशाला जाणवायला लागली ती नेमकी आत्ताच, याचं कारण हे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली की हार्मोनची तूट भरते, टीएसएच उतरतं, रेटा थांबतो आणि काही महिन्यांत गाठ बरेचदा आक्रसते. टीएसएच ताळ्यावर येऊनही गिळायला, श्वासाला अडथळा राहिलाच किंवा रक्त येऊ लागलं, तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करायचा. तेव्हा ती करावी लागली तरी आपण काय गमावतोय हे माहीत असेल आणि गोळी आधीपासून चालू असेल.

कॅन्सरचं विचारलंत. जिभेवरच्या थायरॉइडमध्ये तो होऊ शकतो, पण फार क्वचित. गाठ झपाट्याने वाढली, कडक झाली, वेडीवाकडी दिसू लागली, किंवा गळ्यात शेजारी दुसऱ्या गाठी आल्या, तर पुढचा शोध घ्यायचा. एरवी गोळी चालू ठेवून ठरावीक काळाने घशाच्या डॉक्टरांकडून ती पाहून घेत राहायचं, बस्स.

टाचेच्या रक्ताचा तो कागद तुम्ही १३ वर्षं जपून ठेवलात आणि आता त्यानेच फसवलं असं तुम्हाला वाटतंय. तसं नाही. ती तपासणी १९७० च्या दशकात कॅनडातल्या क्यूबेकमधून सुरू झाली आणि तिने जगभरातल्या असंख्य मुलांचे मेंदू वाचवले आहेत. साधारण दोन ते चार हजार बाळांमागे एकाला थायरॉइडची जन्मजात कमतरता असते, आणि जन्मल्या जन्मल्या अशी बाळं अगदी नॉर्मल दिसतात. म्हणून सगळ्यांचंच रक्त तपासायचं. जन्मानंतर काही तास प्रत्येक बाळाचं टीएसएच उसळतं, त्यामुळे थेंब शक्यतो ४८ तासांनंतर घेतात. पण ही चाळणी त्या दिवशी तुटवडा आहे का, एवढंच सांगते. ग्रंथी कुठे आहे हे ती सांगत नाही. तुमच्या मुलीची ग्रंथी जागा चुकलेली असली तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळाच्या गरजेपुरतं हार्मोन देत होती. रिपोर्ट त्या दिवसापुरता खरा होता.

आणि तुमच्या बाबतीत हेच फार सुदैवाचं ठरलं आहे. मेंदूची थायरॉइड हार्मोनवर सगळ्यात जास्त भिस्त असते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. म्हणून ज्या बाळांच्या तपासणीत तुटवडा आढळतो, त्यांना शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत औषध सुरू करतात, वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. हे प्रमाण मोठ्या माणसाच्या कित्येक पट आहे, ते केवळ त्या मेंदूसाठी. तुमची मुलगी वेळेवर चालली-बोलली असेल, दोन वर्षांपूर्वीपर्यंत वर्गात उंच होती आणि अभ्यासात बरोबरीने होती, तर तिची ती नाजूक वर्षं भरपूर हार्मोनमध्ये गेली आहेत. आत्ताची मरगळ, विसरभोळेपणा, अभ्यासात मागे पडणं हे तुटवड्याचे परिणाम आहेत आणि गोळीने ते ओसरतात. बुद्धीला कायमचा धक्का बसला असेल अशी भीती मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

उंचीचं मात्र सावध उत्तर देते. यौवन सुरू होण्याआधी मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारच्या खाली गेलं की शोध घ्यायला हवा. थायरॉइड कमी असली की हाडांचं वयही मागे राहतं. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून ते मोजतात. १३ वर्षांच्या मुलीची हाडं दहा वर्षांची दिसली तर घाबरू नका, उलट वाढीसाठी अजून वेळ शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. गोळीनंतर पहिल्या वर्षात अशी मुलं भराभर उंच होतात. दोन वर्षांची तूट पूर्ण भरून निघेलच असं वचन कुणी देऊ शकत नाही, पण बरीचशी भरते.

गोळी आयुष्यभर का? ज्या बाळांची ग्रंथी जागेवर असते पण काम कमी करते, त्यांच्यातल्या काहींचा तुटवडा तात्पुरता असतो. आईच्या रक्तातून आलेली प्रतिपिंडं, आयोडीनचा अतिरेक किंवा अभाव अशी कारणं त्यामागे असतात. म्हणून तीन वर्षांनंतर, मेंदूचा धोक्याचा काळ सरल्यावर, डॉक्टर चार आठवडे औषध थांबवून पाहतात. तुमच्या मुलीसाठी तो प्रयोग करण्यात अर्थ नाही. ग्रंथी आता खाली उतरणार नाही आणि मोठीही होणार नाही. तेव्हा होय, आयुष्यभर. पण 'आयुष्यभर औषध' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, तसं हे नाही. गोळीतला पदार्थ आणि निरोगी ग्रंथीतून येणारं टी-४ रासायनिकदृष्ट्या एकच आहेत. मात्रा बरोबर असेल तर तिचे वेगळे दुष्परिणाम असे नाहीत. त्रास होतो तो मात्रा कमी किंवा जास्त झाल्यावर, आणि ते रक्तात दिसतं. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासायचं, ते त्या सकाळची गोळी घेण्याआधी. मात्रा बसल्यावर उंची वाढायची थांबेपर्यंत तीन ते सहा महिन्यांनी, मग वर्षातून एक-दोनदा. वजन वाढतं तशी मात्रा बदलत जाईल. मात्रा वाढली म्हणजे आजार वाढला, असा अर्थ घरात कुणी काढू नये.

यापुढचा मजकूर तिला वाचायला द्या. ज्या गोष्टीबद्दल घरात गेले काही दिवस दबक्या आवाजात बोलणं चाललंय, ती तिच्या घशात आहे आणि तिच्याशी अजून कुणी नीट बोललेलं दिसत नाही.

तर ऐक. तुझी थायरॉइड बहुतेक जिभेच्या मागे राहिली आहे. तू आळशी झाली नव्हतीस, तुझं इंधन कमी पडत होतं. एक छोटी गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही खायचं नाही. सकाळची घाई जमतच नसेल तर रात्री, जेवणानंतर तीन तासांनी, तेही चालतं. फक्त एक वेळ धर. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेव, नाहीतर ती या गोळीला पोटातच अडवून ठेवते. एखाद्या दिवशी विसरलीस तर रडायचं कारण नाही. हे हार्मोन रक्तात निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. त्याच दिवशी आठवलं तर तेव्हा घे, दुसऱ्या दिवशी आठवलं तर दोन्ही एकदम घेतल्या तरी सहसा चालतं, पण तुझ्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच तसं विचारून ठेव. याच आठवड्याच्या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. गोळी बंद केलीस तर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि मग वाटतं, हिची गरजच नव्हती. माझ्याकडे येणारी कॉलेजातली मुलं हमखास इथेच घसरतात.

गोळी सुरू झाल्यावरचे पहिले काही महिने तुला स्वतःचीच थोडी गंमत वाटेल. आधी तासन्‌तास शांत बसणारी तू चुळबुळी होशील, चिडशील, अभ्यासात लक्ष लागायला मध्ये थोडं जड जाईल. शिक्षकांना वाटेल, ही बिघडली. ते बसतं. पण दोन गोष्टी कधीही लपवू नकोस. एक, जोराची आणि वाढत जाणारी डोकेदुखी, विशेषतः उलटी किंवा धूसर दिसण्याबरोबरची. दोन, खुब्यात किंवा गुडघ्यात दुखणं, लंगडणं. थायरॉइड कमी असलेल्या मुलांमध्ये मांडीच्या हाडाचं वरचं टोक वाढीच्या रेषेपाशी घसरू शकतं, आणि गंमत म्हणजे दुखतं कधी कधी फक्त गुडघ्यात. असं झालं तर त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. खेळायला, पोहायला, काहीही करायला एरवी बंदी नाही. आणि पुढे आयुष्यात कधीही, दातापासून टॉन्सिलपर्यंत कशासाठीही भूल द्यायची वेळ आली, तर 'माझ्या जिभेच्या मुळाशी थायरॉइड आहे' हे भूलतज्ज्ञांना तू स्वतः सांग. श्वासनळीत नळी घालताना ती वाटेत येते.

पाळीबद्दलही बोलून ठेवते, कारण या वयात हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. थायरॉइड कमी असली की पाळी उशिरा येऊ शकते, किंवा आलेली फार जास्त जाऊ शकते. क्वचित उलटही होतं, यौवन अकाली सुरू होतं. तिन्ही प्रकार गोळीने रुळावर येतात.

आता पुन्हा तुमच्याशी. तिला पुढे मूल होण्यात यामुळे अडचण नाही, टीएसएच ताब्यात असेल तर. एकच नियम तिने मोठी झाल्यावर लक्षात ठेवायचा : दिवस राहिल्याचं कळताच गोळीची मात्रा साधारण पाव हिश्शाने वाढवावी लागते, म्हणून पहिल्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवायचं. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड तयार नसते, ते आईच्याच हार्मोनवर जगतं. गरोदरपणात जिभेवरची ग्रंथीही पुन्हा फुगू शकते, तेवढी नजर ठेवायची.

धाकट्याची काळजी फारशी करू नका. ग्रंथीची जागा चुकणं हे बहुतेक वेळा घराण्यात चालत आलेलं नसतं. शंभरात दोनेक कुटुंबांतच ते दुसऱ्या कुणात सापडतं. ग्रंथी जागेवर असून हार्मोन बनवण्याची साखळीच बिघडलेली असते, तो प्रकार वेगळा. तिथे आई-वडील दोघंही बिघडलेल्या जनुकाचे वाहक असतात आणि प्रत्येक भावंडाला २५ टक्के शक्यता असते. तुमच्याकडे तसं दिसत नाही. तरी तो वाढतोय ना नीट, एवढं पाहा, आणि तुमच्या मनासाठी त्याचं एकदा टीएसएच आणि फ्री टी-४ करून टाका. नॉर्मल आलं की त्याला मोकळं सोडा.

राहिला तुमचा न झोपू देणारा प्रश्न. दमणूक, थंडी, बद्धकोष्ठ, यातलं एकेक लक्षण वेगवेगळं आलं तर आम्हा डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतं. तुम्ही ते एकत्र मांडलंत, तेही सोनोग्राफीच्या रिपोर्टआधी काय काय झालं ते क्रमाने आठवून. तज्ज्ञांकडे जाताना हेच पत्र बरोबर न्या. त्याबरोबर टाचेच्या रक्ताचा तो कागद, सोनोग्राफीचा रिपोर्ट, आणि लसीकरणाच्या वहीत किंवा शाळेच्या आरोग्य तपासणीत कुठे कुठे तिची उंची लिहिलेली असेल ते सगळे आकडे तारखांसह एका कागदावर उतरवून न्या. वाढीचा आलेख नेमका कोणत्या महिन्यापासून वाकला ते त्यावरून कळेल. पण त्याआधी, उद्या सकाळी, शस्त्रक्रियेची तारीख पुढे नेण्यासाठी फोन करा. स्कॅनमध्ये ठिपका कुठे उजळला, ते मला नक्की कळवा.